वाचकांचे प्रश्न : शाम्पूची वडी आणि बोअरचे पाणी

प्रश्न : प्लास्टिकची बाटली टाळावी म्हणून दोन महिन्यांपूर्वी एका प्रदर्शनातून 'शंभर टक्के नैसर्गिक, सेंद्रिय' असे छापलेली शिकेकाई-कडुनिंबाची शाम्पूची वडी घेतली. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. पहिल्या वेळेपासूनच केस मेण लावल्यासारखे चिकट होतात आणि कंगव्याच्या दातांत पांढरट मळ साचतो. केसांतली जुनी रसायने बाहेर पडत आहेत, महिनाभर धीर धरा, असे विक्रेतीने सांगितले. आणखी किती धीर धरावा?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मुळीच धरू नये. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू असतो. तो स्वतःहून काही बाहेर टाकत नाही. आपल्या कंगव्यात साचतो तो मळ जुन्या शाम्पूचा नसून नव्या वडीचा आहे, आणि त्याचे कारण आपण पत्रात ओघात लिहून गेलेल्या एका वाक्यात आहे : बोअरचे पाणी.

बाजारात शाम्पूची वडी या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह अशा तेलांवर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून केलेला साबण. त्यात शिकेकाईची पूड घातली तरी तो साबणच राहतो. दुसरीत साबण नसतो. त्यात सौम्य फेसकारक असते, बहुधा सोडियम कोकोइल आयसेथायोनेट. ते नारळाच्या तेलातील मेदाम्लांपासून, पण कारखान्यात तयार होते. बोअरचे पाणी बहुधा जड असते; शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला दुष्फेन पाणी म्हणून शिकलो, ते हेच. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला भेटले की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. न्हाणीघरातल्या बादलीच्या कडेला जे पांढरे कडे बसते, तेच आपल्या केसांवर बसते आहे. शिवाय साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साधारणपणे 9 ते 10 असतो आणि डोक्याच्या त्वचेचा 5.5च्या आसपास, त्यामुळे केसांवरचे खवले उघडे राहून केस राठ लागतात आणि गुंतागुंतही वाढते.

खात्री करायची असेल, तर दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत अर्धी बाटली बोअरचे आणि दुसरीत तितकेच आर.ओ.चे पाणी भरून दोहोंत वडीचा चिमूटभर कीस घालावा आणि जोरात हलवावे. बोअरच्या बाटलीत फेस कमी होऊन पाणी फाटलेल्या दुधासारखे दिसले आणि दुसरीत भरपूर फेस आला, तर वडी साबणाची आहे आणि पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठेवली असून, दुसरे पाणी नसेल तर 600पर्यंत मुभा दिली आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही साबणाने केस धुण्यास बेताचेच ठरू शकते.

वडी टाकून देऊ नये; अंगाला वापरावी. तीच केसांना वापरायची असेल, तर शेवटच्या तांब्याला आर.ओ.चे पाणी घ्यावे, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर मिसळून त्याने केस खळखळून पुन्हा साधे पाणी घ्यावे. मात्र याने साका सैल होतो, पुरता जात नाही. पुढच्या खरेदीत वेष्टनावरची पाने-फुले न पाहता घटकांची बारीक अक्षरे वाचावीत. सोडियम कोकोएट, सोडियम पामेट अशी नावे प्रथम असतील किंवा टी.एफ.एम. (एकूण मेदद्रव्य) म्हणून टक्केवारी छापलेली असेल, तर तो साबण. 'सेंद्रिय' हा शब्द तेलबियांच्या शेतीबद्दल काही सांगत असेलही; आपल्या बोअरबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रश्न : मुलाकडे लंडनला तीन महिने जात आहे. रत्नागिरीत मला हाताने केलेली साबणाची शाम्पू-वडी उत्तम मानवते. ती हातातल्या बॅगेत नेता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नेता येईल. 2006 साली लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत द्रव, जेल व पेस्ट प्रत्येकी 100 मिलिलिटरच्या आतच न्यावी लागते. काही विमानतळांनी नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल केला आहे. घट्ट वडी त्यात मोडत नाही. खोबरेलाची बाटली मात्र चेक-इन बॅगेतच ठेवावी; ते थंडीत गोठते, म्हणून द्रव नव्हे, असा युक्तिवाद तपासनिसासमोर करण्यात अर्थ नाही.

खरी अडचण पुढे आहे. लंडनचे पाणी चुनखडीच्या थरांतून येते आणि चांगलेच जड असते. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचे पाणी तुलनेने मऊ. इथे मानवलेली वडी तिथे लातूरच्या भगिनींसारखा अनुभव देण्याची शक्यता आहे, तेव्हा साबणविरहित वडी न्यावी. अखंड वडी न नेता सुरीने चार तुकडे करावेत आणि एकच ओला करावा. वापरल्यावर तो पंच्याने टिपून मलमलीच्या फडक्यात टांगावा. ओला तुकडा डबीत कोंबला, तर दुसऱ्या दिवशी लगदा हाती येतो.

प्रश्न : सह्याद्रीत भटकताना ओढ्यावर रिठ्याच्या वडीने केस धुतले तर चालेल ना? ती तर पूर्ण नैसर्गिक आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाही. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. रिठ्याचा ठेचा पाण्यात कालवून मासे गुंगवण्याची पद्धत जुनी आहे. कॅनमध्ये पाणी भरून ओढ्यापासून निदान 60 मीटर दूर जावे, तिथे केस धुवावेत आणि फेसाचे पाणी मातीत जिरू द्यावे.