कोळसा पेटत नाही म्हणून पेट्रोल टाकू का? नको. बंब आठवा.

तुम्ही लिहिलंय की मागच्या अंगणासाठी बार्बेक्यूची शेगडी घेतली, दोनदा प्रयत्न केला, अर्धी काडेपेटी संपली आणि कोळसा काही धरला नाही. आता कुणीतरी सुचवलंय, ‘थोडं पेट्रोल टाका, भराभर पेटेल.’ टाकू का, असा तुमचा प्रश्न आहे.

अजिबात टाकू नका. पेट्रोल नको, थिनर नको, रॉकेल नको, सॅनिटायझरही नको. सॅनिटायझरची ज्योत तर इतकी फिकट असते की उजेडात दिसतसुद्धा नाही.

मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो. काही वर्षांपूर्वी कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटवायला शेगडी मांडली होती. पावसाळाभर जिन्याखाली पडलेला कोळसा, तो सर्दावलेला. मामेभावाने अर्धा तास पंखा घातला, कोळसा वरून काळाच. दिवाळीच्या रंगकामाचं थिनर कोपऱ्यात होतं. त्याने ते वाटीत घेतलं आणि शेगडीवर ओतलं. दोन-तीन क्षण काहीच झालं नाही, नुसती पांढरी वाफ उठली. तो बघायला खाली वाकला आणि तेवढ्यात भप्पकन जाळ झाला. वरून विझलेला वाटणारा कोळसा आत दोन ठिकाणी धुमसत होता. त्या उष्णतेने थिनरची वाफ झाली, ती शेगडीभोवती पसरली आणि मग एकदम पेटली. भुवया गेल्या, मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. वाटीऐवजी हातात बाटली असती तर जाळ धारेवरून बाटलीत शिरला असता. ती पांढरी वाफ मला आजही डोळ्यांसमोर दिसते, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

आता कोळसा पेटत का नाही ते बघू. आपण तो शेगडीत पसरतो आणि वरून काडी लावतो. पण ज्योत आणि उष्णता वर जाते, खालच्या कोळशाला काहीच मिळत नाही. शिवाय पसरलेला प्रत्येक तुकडा एकटा पडतो, शेजाऱ्याची धग त्याला लागत नाही. कोळशाला दोनच गोष्टी लागतात: एकमेकांची ऊब आणि खालून येणारी हवा.

आपल्या घरांत पूर्वी आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब असायचा, तो आठवतोय? भोवती पाणी, मधे उभी नळी, तळाशी जाळी आणि राखेची खिडकी. नळीतली हवा तापली की वर निघून जायची आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आपोआप ओढली जायची. एकदा पेटला की बंबाला फुंकणी लागत नसे. आमची आजी शेगडीवरही पत्र्याचं नळकांडं उभं करायची, ते याचसाठी. ‘चिमणी स्टार्टर’ म्हणून जे विकतात ते हेच नळकांडं: साधारण सात इंच रुंद, फूटभर उंच, तळाशी जाळी, बाजूला मूठ. शेगडीबरोबर ही एक वस्तू घ्याच. मी माझं लोहारपट्टीतून करून घेतलं. करून घेणार असाल तर साधा काळा पत्रा सांगा. जस्त चढवलेला पांढरा, चकचकीत पत्रा नको, तापल्यावर जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत जाणं वाईट. मूठ लाकडाची हवी. पहिल्यांदा नुसता कोळसा जाळून नळकांडं तापवून घ्या, म्हणजे कारखान्यातलं तेल जळून जाईल.

पेटवायची माझी रीत अशी. वर्तमानपत्राची दोन पानं सैल चुरगाळायची (घट्ट बोळा केला तर हवा कोंडते), त्यांवर चमचाभर खायचं तेल शिंपडायचं. तेलामुळे कागद लगेच भुर्रकन जळून जात नाही, वातीसारखा सावकाश जळतो. हा कागद शेगडीच्या तळाशी ठेवून वर कोळशाने भरलेलं नळकांडं उभं करायचं आणि खालच्या भोकांतून दोन-तीन ठिकाणी काडी लावायची. कागदाऐवजी गोवरीचा तुकडा आणि कापराच्या दोन वड्या हेही उत्तम. इंदुरात बाफल्यांसाठी (बाटीसारखे कणकेचे गोळे) कंडे, म्हणजे गोवऱ्या, मिळतातच. फक्त कापूर पूर्ण जळून जायच्या आत वर खायचं काही ठेवू नका.

पहिली पाच-सात मिनिटं भरपूर धूर येईल. घाबरू नका, फुंकू नका, हलवू नका. धूर कमी होऊन वरून उष्ण हवा थरथरताना दिसेल, फटींतून लाल दिसू लागेल. १५ ते २० मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडांवर करडी राख चढते, मग ओतायचं. दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या असतील तर आणखी पाचेक मिनिटं द्या. जाड चामड्याचा हातमोजा घाला, नळकांडं अंगापासून दूर धरा आणि निखारे अलगद उतरवा. सगळे एका बाजूला लोटा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या. काही करपायला लागलं की तिकडे सरकवता येतं. जाळीच्या पाच इंच वर तळहात धरून बघा: दोन-तीन सेकंदांतच हात मागे घ्यावा लागला तर आच तेज आहे, मक्याची कणसं आणि वांगी ठेवा. चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम, ती पनीरला बरी.

कोळसा घ्यायचा तो लाकडी. दगडी कोळसा स्वयंपाकाला कधीच नाही, त्यात गंधक असतं. लाकडी कोळसा हातात हलका लागतो आणि दोन तुकडे आपटले की खणखणतो. आवाज बद्द आला तर ओल आहे. असा कोळसा दोन दिवस कडक उन्हात पसरा. ओला कोळसा नुसता पेटत नाही असं नाही, तो फुटतो आणि ठिणग्या उडवतो. आमच्या कोजागिरीचं खरं उत्तर थिनर नव्हतंच, दोन दिवसांचं ऊन होतं.

जागेबद्दल: भिंत, वाळत घातलेले कपडे, स्कूटर या सगळ्यांपासून निदान दहा फूट लांब. कोटा फरशीवर निखारे किंवा तापलेलं नळकांडं टेकवू नका, फरशी तडकून कपची उडते. खाली विटा मांडा. सुती कपडे घाला, ओढणी-पदर खोचून घ्या. जवळ वाळूची बादली आणि पाण्याची बादली दोन्ही असू द्या. ठिबकलेल्या तेलाने किंवा तुपाने पेट घेतला तर पाणी नाही, झाकण किंवा वाळू. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठे असतील तर सरळ डॉक्टर.

पाऊस आला तर शेगडी घरात किंवा बंद गॅरेजात नेऊ नका. मग ती विझली तरी चालेल, जेवण गॅसवर करा. थंडीत उरलेल्या निखाऱ्यांची ऊब घ्यायला खोलीत शेगडी ठेवून झोपणं तर जीवघेणं आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. लाल फुललेल्या निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

जेवणं झाली की शेगडीचं झाकण आणि खालची-वरची भोकं बंद करा. हवा तुटली की कोळसा विझतो, आणि उरलेला अर्धवट जळालेला कोळसा पुढच्या वेळी नव्याच्या आधी धरतो. तो नळकांड्यात तळाशी घाला. राख मात्र दुसऱ्या दिवशी लगेच कचरागाडीत देऊ नका. वरून गार वाटते, पण पोटात निखारा २४ तासांनीही जिवंत सापडतो. पत्र्याच्या डब्यात झाकून दोन दिवस ठेवा, मग पाणी शिंपडून लांब पळीने ढवळा. चर्र आवाज आला तर अजून एक दिवस राहू द्या.