इंदूरच्या जुन्या घरावरचे सिमेंटचे पत्रे काढायचे आहेत. ॲसबेस्टॉसचा धोका खरंच असतो का?

हो, असतो. अशा जुन्या पत्र्यांच्या सिमेंटमध्ये बहुधा ॲसबेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू मिसळलेले असतात. पत्रा धड असून जागेवर आहे तोवर घाबरायचं कारण नाही. घातक असते ती त्याची धूळ. मल्हारगंजातल्या आमच्या घराचे पत्रे मजुरांनी हातोड्याने फोडले होते. तुटलेल्या कडेला कापसासारखे तंतू लोंबत होते आणि आई तोच भुगा झाडूने गोळा करत होती! आजही आठवलं की जीव कासावीस होतो.

डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून ॲसबेस्टॉसिस (फुप्फुस कडक होऊन दम लागण्याचा आजार), फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होऊ शकतो, तोही बहुधा २० ते ४० वर्षांनी. म्हणून आज खोकला नाही, यावर विसंबू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कॅन्सरचा धोका आणखी वाढतो. कारखान्यातल्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकासुद्धा आजारी पडल्या आहेत. पांढरा ॲसबेस्टॉस, म्हणजे पत्र्यांत सर्रास वापरला जाणारा प्रकार, निर्धोक असतो, हेही खोटं.

पत्र्यांवर आधी पाणी मारा. ग्राइंडर अजिबात नको. बोल्ट सोडवून अख्खा पत्रा उतरवा. भुगा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, मजुरांनाही चांगले मास्क द्या. आणि मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवाच.