कोरं जेल, वाकलेली रेषा

पदवीच्या वर्गात शिकताना सुट्टीतल्या आठ आठवड्यांच्या संशोधन प्रकल्पावर गेलेल्या विद्यार्थ्यांची ही पत्रं. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतली पाच निवडली आहेत.

प्रश्न: तीन आठवडे पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा अनेक पटींनी वाढवायची पद्धत) करतेय, पण जेलवर बॅण्डच (वाढलेल्या डीएनएचा पट्टा) येत नाही. डीएनए वनस्पतीच्या पानातून काढलेला आहे, २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धतेची खूण) १.८ येतं. सीनियर म्हणतात, "परत लाव." किती वेळा परत लावू?

उत्तर: तसंच्या तसं तर एकदाही लावू नका. आधी जेलच्या शेवटच्या खाचांत काय होतं ते सांगा. लॅडर (माहीत आकारांच्या डीएनए तुकड्यांचं मिश्रण), याआधी चाललेला डीएनए त्याच्याच प्रायमरसह (प्रायमर म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे; ही नळी म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोल) आणि डीएनएऐवजी पाणी घातलेली नळी, हे तिन्ही नसेल तर कोऱ्या जेलवरून काहीच कळत नाही.

हे तिन्ही असेल तर दोष कुठे आहे ते जेलच दाखवतं. लॅडरसुद्धा दिसत नसेल तर गडबड जेलमध्ये किंवा रंगात आहे, पीसीआर कदाचित नीट झालेलाही असेल. लॅडर दिसतो पण पॉझिटिव्ह कंट्रोल येत नाही, तर मिश्रण किंवा मशीनचा प्रोग्रॅम तपासा. दहा वेळा गोठवून वितळवलेले डीएनटीपी (नवा डीएनए ज्यांतून बनतो ते घटक) हे इथलं नेहमीचं कारण. नवी बाटली आली की लगेच छोट्या नळ्यांत वाटून ठेवायची ती त्यासाठीच. पॉझिटिव्ह कंट्रोल येतो आणि फक्त तुमचा नमुना येत नाही, तर दोष तुमच्या डीएनएत किंवा तुमच्या प्रायमरमध्ये.

या दोघांपैकी कोण, हे एका जास्तीच्या नळीत कळतं. पॉझिटिव्ह कंट्रोलची नळी नेहमीप्रमाणे भरा आणि तिच्यात तुमच्या डीएनएचा १ मायक्रोलिटर टाका. एरवी येणारा बॅण्ड गेला, तर तुमच्या डीएनएसोबत एन्झाइमला अडवणारं काहीतरी आलं आहे. पानांच्या बाबतीत आम्ही आधी याचाच संशय घेऊ. पॉलिसॅकराइड आणि फिनॉलिक द्रव्यं डीएनएबरोबर उतरतात. २६०/२८० हे मुख्यतः प्रथिनांबद्दल सांगतं, या द्रव्यांसाठी २६०/२३० पाहा. ते २.० च्या बरंच खाली असेल तर संशय बळावतो. उपाय सोपा आहे: डीएनए १० पट आणि १०० पट पातळ करून दोन्ही लावा. कमी डीएनएला बॅण्ड येतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण पातळ करताना अडवणारं द्रव्यही पातळ होतं, आणि जीनोमिक डीएनए १० ते १०० नॅनोग्रॅम असला तरी साधारण पुरतो. डीएनए ज्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवला त्यात ईडीटीए किती आहे तेही बघा. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मॅग्नेशियमशिवाय पॉलिमरेज (पीसीआरमधलं डीएनए बनवणारं एन्झाइम) चालत नाही.

त्या जास्तीच्या नळीत बॅण्ड टिकला, तर प्रायमरकडे वळा. अॅनीलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान प्रायमरच्या वितळण तापमानापेक्षा ५ अंश कमी धरून सुरुवात करा. मशीनला ग्रेडियंटची सोय असेल तर एकाच फेरीत आठ तापमानं बघून घ्या, रोज एक अंश बदलत बसू नका. ७२ अंशांवरचा (नवा डीएनए बनण्याचा) वेळ साध्या टॅक पॉलिमरेजला दर हजार बेसजोड्यांमागे एक मिनिट द्या.

मिश्रण प्रत्येक नळीत वेगळं करू नका. आठ नळ्यांसाठी नऊ नळ्यांचं एकत्र बनवून वाटा, पाणी सगळ्यात आधी आणि एन्झाइम सगळ्यात शेवटी. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असतं, जड असतं, तळाशी बसतं. हलक्या हाताने मिसळलं नाही तर पहिल्या नळ्यांना ते मिळतच नाही. पाण्याच्या नळीत बॅण्ड आला तर काय? १०० बेसजोड्यांच्या खाली असेल तर बहुधा प्रायमर एकमेकांना चिकटलेत. तुमच्याच अपेक्षित आकाराचा असेल तर कुठेतरी डीएनए मिसळला आहे. पाण्यापासून सुरुवात करून एकेक बाटली बदलत जा.

प्रश्न: प्रथिनाची स्टँडर्ड कर्व्ह (माहीत प्रमाणांवरून काढलेली मोजणीची रेषा) काढतोय, ब्रॅडफर्डने (प्रथिनाला रंग चिकटवून ते मोजायची पद्धत), ५९५ नॅनोमीटरला. रेषा सरळ येतच नाही. मॅडम म्हणतात हात बसला नाही. हाताचाच दोष आहे हे कसं ओळखू?

उत्तर: बिंदू कसे बिघडलेत ते आधी पाहा. वरच्या टोकाला सगळे शिस्तीत खाली वाकत असतील तर तो हाताचा दोष नाही. ब्रॅडफर्डमधला रंग मर्यादित असतो, प्रथिन वाढलं की तो पुरत नाही. शिवाय अब्जॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा) १ म्हणजे दहा टक्केच प्रकाश पलीकडे पोचतो आणि २ म्हणजे एकच टक्का. एवढ्या कमी प्रकाशात उपकरणातला भटका प्रकाशही रीडिंग बिघडवतो. वरचे बिंदू सोडून द्या आणि नमुना पातळ करून रेषेच्या सरळ भागात आणा. रेषा पुढे वाढवून उत्तर वाचायचं नाही. सगळे बिंदू सारख्याच अंतराने वर सरकले असतील तर ब्लँक (शून्य लावायची प्रथिन नसलेली नळी) चुकला: प्रथिन ज्या बफरमध्ये आहे तोच बफर ब्लँकमध्ये हवा, नुसतं पाणी नव्हे. नमुन्यात एसडीएससारखं डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्ड मुळातच चुकीचं सांगेल.

बिंदू वर-खाली विखुरलेले असतील तर मात्र हात किंवा पिपेट. यासाठी अर्ध्या तासाची परीक्षा आहे. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या, १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने खोलीच्या तापमानाचं शुद्ध पाणी दहा वेळा टाका, प्रत्येक वेळचं वजन लिहा. २० अंशांना १००० मायक्रोलिटर पाणी सुमारे ०.९९८ ग्रॅम भरतं. दहाही वजनं जवळजवळ असून सरासरीच चुकत असेल तर पिपेटला कॅलिब्रेशन हवं, हे मॅडमना आकडे दाखवून सांगा. सरासरी बरोबर पण वजनं विखुरलेली, तर मॅडम बरोबर आहेत.

हात सुधारतो. टिप पाण्यात २-३ मिलिमीटरच बुडवा, द्रव घेताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबा, दुसरा थांबा सोडताना. अंगठा हळू सोडा, झटक्याने सोडला की हवा घुसते. नवी टिप एकदा त्याच द्रवाने भरून रिकामी करून घ्या. २ ते २० च्या पिपेटने १ मायक्रोलिटर घेऊ नका. टप्प्याटप्प्याने पातळ करत नेताना दर टप्प्याला नवी टिप आणि नीट मिसळणं याला पर्याय नाही, कारण दुसऱ्या नळीतली चूक पुढच्या सगळ्या नळ्यांत जाते. आणि क्युव्हेट (प्रकाश मोजण्यासाठी द्रव भरायची चौकोनी नळी) धरायचं ते खरखरीत बाजूंनी!

प्रश्न: गाइडनी दिलेला विषय पीएचडीएवढा आहे. आठ आठवड्यांत काय होणार?

उत्तर: दिवस मोजा. आठ आठवडे म्हणजे कामाचे ४० दिवस. सुरक्षेचं प्रशिक्षण, वाचन आणि ओळखी यांत ५ जातात, कुणीतरी आधी केलेला प्रयोग करून हात बसवण्यात आणखी ५, पोस्टर आणि अहवालात शेवटचे ७. उरले २३. एका फेरीला तीन दिवस लागत असतील तर सात फेऱ्या होतात आणि नवशिक्याच्या निम्म्या वाया जातात. म्हणजे हाती तीन-चार. स्वतंत्र नमुन्यांवर तीन वेळा करायचं म्हटलं तर एकच तुलना बसते, हे आणि ते. हा हिशेब कागदावर मांडून पहिल्याच आठवड्यात गाइडना दाखवा. "एवढं जमणार नाही" असं म्हणण्यापेक्षा "यातली कोणती एक तुलना करू?" असं विचारलेलं बरं. तीन खाचांत एकाच नळीतलं द्रव टाकलं तर ते तीन नमुने होत नाहीत, हेही या हिशेबात धरा. हा घोळ पोस्टरपर्यंत हमखास जातो.

प्रश्न: नोंदवहीत सगळं लिहिते, तरी दोन आठवड्यांपूर्वीचं द्रावण कसं केलं ते सापडत नाही.

उत्तर: बहुधा तुम्ही प्रोटोकॉल लिहिताय, प्रत्यक्ष केलेलं नाही. "१ ग्रॅम" नको, तराजूने दाखवलं ते "१.००४३ ग्रॅम" लिहा. बाटलीवरचं पूर्ण नाव, लॉट नंबर आणि रेणूभार उतरवा. कॉपर सल्फेट निर्जल असेल तर रेणूभार १५९.६, पाच पाण्यांसह २४९.७. निर्जलाचा आकडा धरून पाच पाण्यांची बाटली वापरलीत तर द्रावण हवं त्याच्या ६४ टक्केच होतं आणि निळा रंग काहीच चुगली करत नाही. ट्रिस बफर असेल तर पीएच कोणत्या तापमानाला लावला तेही लिहा: २५ अंशांना ८.० लावलेला बफर ४ अंशांना साधारण ८.६ होतो. नळीवर नाव झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे, कारण झाकणं बदलतात आणि मार्कर अल्कोहोलने पुसला जातो. संगणकावरच्या फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात.

प्रश्न: शेवटचा आठवडा आहे, निकाल काहीच नाही. पोस्टरवर काय लावू?

उत्तर: काय शक्यता तपासल्या आणि त्यांतल्या कोणत्या बाद झाल्या ते लावा. कंट्रोल चाललेले असतील तर "फरक दिसला नाही" हाही निकाल आहे. किती नमुने होते आणि एरर बार (आलेखातल्या मूल्याभोवतीच्या रेघा) प्रमाण विचलनाचे की प्रमाण त्रुटीचे, हे चित्राखालीच लिहा. कंट्रोलच चालले नसतील तर मात्र "फरक नाही" म्हणू नका, पद्धत कुठे अडली ते दाखवा. ए-झीरो कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा असतो, त्यावर चारशे-पाचशे शब्दांच्या वर जाऊ नका आणि मजकुराचा टाइप २४ पॉइंटच्या खाली उतरवू नका. कोरं जेलही छापा, पण लॅडर आणि पॉझिटिव्ह कंट्रोल दिसतील असं.