जेवणातल्या अँटीऑक्सिडंटमुळे मेंदूचं शिशापासून रक्षण होतं का?

ताई, तुमचे मिस्टर बॅटरीच्या कामात आहेत, त्यांच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं आणि हळद, ग्रीन टी, व्हिटॅमिन सी यांनी मेंदू वाचेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून लिहिते. थोडीफार मदत होईल, पण या पदार्थांनी शिसं बाहेर पडणार नाही.

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन वावरतं. तसंच ते मेंदूत शिरतं आणि चेतापेशींच्या निरोपांत ढवळाढवळ करतं. शिवाय पेशींत फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, वाढतात आणि ग्लुटाथायोन हे त्यांचं स्वतःचं संरक्षक द्रव्य खर्ची पडतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो खातो सुमारे २० टक्के. म्हणून तिथे झळ जास्त. व्हिटॅमिन सी, ई, हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन ही अँटीऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकलना आवरणारी द्रव्यं, ही झळ कमी करतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण त्या प्रयोगांतले डोस बहुतेक वेळा आपल्या जेवणातून मिळतील त्याहून कितीतरी मोठे असतात, आणि हळदीतलं कर्क्युमिन आपल्या आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. भाज्या-फळं रोज द्या, कॅप्सूलवर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी पडलं की आतडं ते ओढून घ्यायला जास्त धडपडतं, आणि त्याच दारातून शिसंही आत येतं. कॅल्शियम कमी असलं तरी तेच. रिकाम्या पोटी तर शिसं जास्तच शोषलं जातं, म्हणून त्यांना उपाशी कामावर जाऊ देऊ नका.

एकदा आमच्याकडे दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसं निघालं. ती वर्कशॉपमध्ये कधी गेलीच नव्हती. वडील घरी आले की कामाच्याच कपड्यांत तिला कडेवर घ्यायचे. ती त्यांची कॉलर तोंडात धरायची. मला ती कॉलर अजून आठवते. मिस्टरांना कामावरच अंघोळ करून, कपडे-बूट बदलून यायला सांगा. ते कपडे वेगळे धुवा.

शिशाशी संपर्क थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत ते वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू परत रक्तात उतरतं, म्हणून एका रिपोर्टवर थांबू नका. आकडा फार वर असेल तर डॉक्टर सक्सिमरसारखं शिसं बांधून लघवीवाटे काढणारं औषध देतात. घरात लहान मूल असेल, तर त्याचं रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.