उबंटूत ब्रॉडकॉमचं वायफाय दिसतच नाही. दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा वेगळा अवतार) टाकू की यूएसबी डोंगल घेऊ?

डिस्ट्रो अजिबात बदलू नका. वायफाय चाललं नाही की ‘दुसरं डिस्ट्रो टाक’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि मी तितकीच वर्षं त्यावर भांडतोय. कार्ड तेच राहतं, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोही लिनक्सचाच. अडतं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी.

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ चालवा आणि नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीत चौकटी कंसातला आयडी बघा. १४ई४:४३१५ म्हणजे बीसीएम४३१२. त्याला बी४३ हा खुला ड्रायव्हर चालतो, फक्त ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ टाकावं लागतं. १४ई४:४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२. याला खुला ड्रायव्हर नाहीच, ब्रॉडकॉमचा बंद ‘डब्ल्यूएल’च लागतो. उबंटूत त्याचं पॅकेज ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’, डेबियनमध्ये ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’. नेटच नाही तर पॅकेज आणायचं कुठून? अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टिदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं) चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

पॅकेज टाकूनही वायफाय दिसत नाही, तेव्हा लोक हात टेकतात आणि डिस्ट्रो बदलतात. खरं कारण बहुतेक वेळा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय, हे असतं. हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो. त्याच्या सहीची किल्ली फर्मवेअरला माहीत नसली की कर्नल तो लोडच करत नाही, आणि ड्रायव्हर लोड करायच्या ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ या कमांडला ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. म्हणूनच इन्स्टॉल करताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीबूटनंतर निळा स्क्रीन येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ (एमओके म्हणजे हीच सहीची किल्ली) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर स्क्रीन निघून जातो आणि किल्ली नोंदवायची राहते. मग ‘सुडो एमओकेयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/एमओके/एमओके.डीईआर’ चालवून पुन्हा रीबूट करा. (कमांड टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांतच.)

कर्नल अपडेटनंतर वायफाय गेलं तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा; डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करणारी सोय. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर बहुधा हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नाहीत, ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ टाका. तरीही बिल्ड फसलं तर ग्रबमधून (संगणक सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल निवडून काम चालू ठेवा. ब्रॉडकॉमनं हा ड्रायव्हर २०१५ नंतर अद्ययावत केलेला नाही, नव्या कर्नलसाठीचे पॅच डिस्ट्रोवालेच जोडतात.

डोंगलपेक्षा मी आतलं कार्डच बदलेन. इंटेलचं ७२६० अर्ध्या मिनी पीसीआयई आणि एम.२ अशा दोन्ही आकारांत मिळतं, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एएक्स२०१ मात्र घेऊ नका. ते सीएनव्हीआय आहे, म्हणजे वायफायचा काही भाग प्रोसेसरच्या बाजूलाच असतो, म्हणून ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं. काही लॅपटॉपांचं बायॉस परकं कार्ड नाकारतं, तेही आधी तपासा.

आणि सिक्युअर बूट बंदच करणार असाल, शेजारी विंडोज असेल, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.