अमेरिकेतल्या शाळेत वर्षभर काय काय असतं आणि नवीन आलेल्या आईबाबांच्या तिथे ओळखी होतात का?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला येताय, मुलगी तिसरीत जाईल, शाळेत वर्षभर काय कार्यक्रम असतात आणि आपल्यासारख्यांना तिथे कोणी विचारतं का. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो, दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, म्हणून इथलंच सांगतो. विचारतात, नक्की विचारतात, पण आधी आपण जाऊन एखादं काम अंगावर घ्यावं लागतं. नुसते कार्यक्रम बघून घरी आलात तर वर्ष संपेल तरी पार्किंग लॉटमधल्या हाय-हॅलोच्या पुढे काही जाणार नाही.

आधी स्कूल डिस्ट्रिक्ट काय ते समजून घ्या. गावातल्या सगळ्या पब्लिक शाळांचा मिळून एक कारभार, त्याचं स्वतःचं बजेट, स्वतःचं बोर्ड, आणि बोर्डावरचे लोक बहुतेक ठिकाणी गावातूनच निवडून आलेले आणि बिनपगारी. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचा साधारण निम्मा पैसा शाळांकडे जातो, त्यामुळे ज्यांची मुलं कधीच शिकून बाहेर पडलीत अशी आजी-आजोबा मंडळीसुद्धा हायस्कूलच्या होमकमिंगच्या, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांना परत बोलवायच्या सोहळ्याच्या, फुटबॉल मॅचला ब्लँकेट गुंडाळून बसलेली दिसतात. शाळा गावाची असते हो इथे, खरोखर.

शाळा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास सुरू होते. सप्टेंबरमध्येच बॅक टू स्कूल नाइट असते, म्हणजे आईबाबांनी शाळेत जाऊन टीचरला भेटायची संध्याकाळ, त्या दिवशी पीटीओचं, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेचं, टेबल लागलेलं असतं, तिथे जाऊन नाव द्या. पीटीओ म्हणजे आपलं गल्लीतलं गणपती मंडळच समजा, कुणी पैसे गोळा करतंय, कुणी टेबलं लावतंय, कुणी शेवटी थांबून झाडतंय, आणि ओळखी त्या झाडण्यातच होतात.

मग ऑक्टोबर. हॅलोविनच्या दिवशी बऱ्याच एलिमेंटरी, म्हणजे प्राथमिक, शाळांत दुपारी परेड असते, मुलं वेगवेगळे कपडे घालून वर्गावर्गाने बाहेर येतात आणि आईबाबा दोन्ही बाजूला फोन घेऊन उभे. मास्क आणि खोटी हत्यारं साधारण चालत नाहीत, म्हणजे मुलीला झाशीची राणी केलीत तर तलवार घरी. त्याच सुमारास दिवाळी येते. न्यूयॉर्क शहरातल्या पब्लिक शाळांना 2024 पासून दिवाळीची सुट्टी मिळते, जर्सीतले काही डिस्ट्रिक्टही देतात, काही देत नाहीत, तुमच्या डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर वेबसाइटवर बघून घ्या. सुट्टी असो नसो, टीचरला आधीच ईमेल टाका की मिस्टरी रीडर म्हणून, म्हणजे वर्गाला पुस्तक वाचून दाखवायला, यायला आवडेल. हे लहान वर्गांत असतं, कोण येणार ते मुलांना माहीत नसतं, टीचर एकेक क्लू देते आणि मग आपण दारातून आत जायचं. मी दिवाळीचं पुस्तक घेऊन गेलो होतो. वर्गात ज्योत पेटवता येत नाही म्हणून बॅटरीवरचे दिवे नेले, ओक ट्री रोडवरून, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातून, आणलेल्या मातीच्या पणत्यांत ठेवले, टीचरने लाइट बंद केले आणि सगळा वर्ग एकदम "ऊऊऊ" करून ओरडला, मग प्रत्येकाला आपला दिवा स्वतः चालू-बंद करून बघायचा होता, पुस्तक राहिलं बाजूला. माझा मुलगा पुढे येऊन सगळ्यांना पणती म्हणायला शिकवत होता, ते बघून मला भरून आलं. फराळ मात्र नेऊ नका, ॲलर्जीमुळे घरचं खाणं वर्गात बहुतेक चालतच नाही. रांगोळीची चित्रं, पेन्सिली असं काही द्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात, शिक्षकांचं अटलांटिक सिटीला अधिवेशन असतं, आणि अर्धी जर्सी डिस्नीला पळते, तिकीट आधी काढा. थँक्सगिव्हिंगच्या आधी फूड ड्राइव्ह, थंडी वाढली की कोट ड्राइव्ह, म्हणजे गरजू घरांसाठी खाण्याचे डबे आणि गरम कोट गोळा करायचे. यातलं काम मागून घ्याच. डब्यांवरच्या तारखा बघायच्या, काचेच्या बरण्या बाजूला काढायच्या, खोकी भरायची, एवढंच, पण आपल्याच गावातल्या, कदाचित आपल्याच मुलीच्या वर्गातल्या कुणाच्या घरी हे जाणार आहे हे कळतं तेव्हा गाव वेगळं दिसायला लागतं.

बर्फ पडला की पहाटे फोन येतो, शाळा बंद किंवा उशिरा. वर्षाला 180 दिवस भरावेच लागतात, त्यामुळे जास्त स्नो डे झाले तर स्प्रिंग ब्रेक तरी कापतात नाहीतर जूनमधली शेवटची तारीख पुढे ढकलतात, तेव्हा भारताची तिकिटं अगदी शेवटच्या दिवसाला चिकटून काढू नका. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनची कार्डं वर्गातल्या प्रत्येक मुलाला द्यायची असतात, कुणालाही वगळायचं नाही, हा नियम मला फार आवडतो.

मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात टीचर अप्रिसिएशन वीक. पीटीओ शिक्षकांना एक दिवस जेवण देते आणि आमच्या शाळेत त्याला घरचं चालतं. इथे आपल्या बायका-पुरुषांनी खरी बाजी मारलीय, आमच्याकडे साबुदाणा वडे आणि कोथिंबीर वड्यांचा ट्रे सगळ्यात आधी रिकामा होतो. जूनमध्ये फील्ड डे, म्हणजे मैदानी खेळांचा दिवस, असतो, तिथेही पाण्याच्या बाटल्या वाटायला, रस्सीखेच घ्यायला माणसं कमीच पडतात.

आणि एक, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहोत म्हणून आपण गप्प बसायचं असं बरेच जण धरून चालतात. मत देता येत नाही हे खरं, पण बोर्डाच्या मीटिंगा सगळ्यांना खुल्या असतात आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, तो कायदाच आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टला दिवाळीची सुट्टी नसेल तर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर ठरायच्या आधी चार-पाच घरं मिळून जा, नाव आणि गाव सांगून शांतपणे बोला.