हात वर न करणारी मुलं

या वेळी पहिली-दुसरीच्या मुलांविषयीचीच पत्रं जास्त आली आहेत. मी याच वयाच्या मुलांना शिकवते, त्यामुळे उत्तरं लिहिताना माझा वर्गच डोळ्यांसमोर होता. काही पत्रं मोठी होती. त्यांतला प्रश्न तेवढा ठेवून बाकीचा मजकूर कमी केला आहे.

प्रश्न : बाई, मी नुकतीच शिक्षिका झाले आहे. दुसरीचा वर्ग मिळाला आहे. (तुमच्याहून पुष्कळ लहान आहे, तेव्हा अगं-तुगंच करा.) काहीही विचारलं की तीच चार-पाच मुलं हात वर करतात. बाकीची खाली बघत बसतात. त्यांना येत नाही म्हणावं, तर वहीत मात्र बरोबर लिहितात. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वहीत येतं आणि तोंडाने येत नाही, म्हणजे उत्तराची अडचण नाही. मुलाला वेळ पुरत नाही किंवा त्याला धास्ती वाटते. बऱ्याचदा दोन्ही.

आधी वेळेचं बघू. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतले तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हाच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला, तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसण्याचं प्रमाण कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. रोबाईंनी आणखी एक जागा दाखवली, ती मला जास्त उपयोगी पडली. मुलाचं उत्तर संपल्यानंतरही तेवढंच थांबायचं. पुष्कळदा मूल तिथेच "म्हणजे बाई..." करून पुढचं बोलतं, आणि ते आधीच्यापेक्षा चांगलं असतं.

वर्गासमोर उभं राहून गप्प राहायचं तर तीन सेकंद फार लांब वाटतात. मी घड्याळ बघत नाही. प्रश्न विचारला की वर्गाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकेक चेहरा बघत जाते. शेवटचा चेहरा येईपर्यंत कुणाचंच नाव घेत नाही. शिवाय माझ्या वर्गात हात वर करायचा नसतो. उत्तर सुचलं की अंगठा छातीशी धरायचा. मला तो दिसतो, पण शेजारच्याला सहसा दिसत नाही. वर गेलेले हात बघून बाकीच्यांचा विचार अर्ध्यावर तुटतो, "झालं, त्याला आलं" म्हणून ती मुलं सोडून देतात. अंगठ्यामुळे ते थांबतं.

आता धास्ती. सगळ्यांसमोर चुकण्याची भीती सात वर्षांच्या मुलालाही पुरेपूर असते. म्हणून आधी शेजारच्याला कुजबुजून सांगायला लाव, आणि मग "तुझ्या मैत्रिणीने काय सांगितलं?" असं विचार. दुसऱ्याचं उत्तर सांगणं सोपं जातं. कारण चुकलं तरी ते आपलं नसतं.

आणि एक सवय मोडावी लागेल. बरोबर उत्तराला लगेच "शाब्बास!" आणि चुकीच्या उत्तराला "अं... अजून कोण सांगेल?" असं आपण म्हणतो. मुलं आपला चेहरा आणि आवाज फार लवकर ओळखतात. मी बरोबर असो वा चूक, एकच विचारते, "कसं काढलंस?" एका मुलाने आठ आणि पाच बारा सांगितले. कसं काढलंस म्हटल्यावर त्याने बोटं उघडून दाखवली : आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. पाच बोटं झाली की! त्याने पहिल्या बोटालाच आठ म्हटलं होतं. बेरीज म्हणजे काय, पुढे कसं मोजायचं, पाच कुठे संपतात, सगळं त्याला येत होतं. फक्त सुरुवात एक घर अलीकडून झाली होती. "आठ तर आपल्याकडे आहेतच, आता पहिलं बोट कितवं?" एवढंच विचारलं आणि तो स्वतःच "तेरा" म्हणाला. "चूक" म्हणून मी पुढे गेले असते, तर त्याने बेरजेचा सराव घरी तसाच अलीकडून सुरू करून केला असता.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. अंक उलटे काढतो. ३ आणि ६ यांची तर कायम अदलाबदल. त्याला काही दोष असेल का, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर : शांत झोपा. या वयात हे अगदी सर्रास दिसतं. आपल्याकडे तर ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. एकाची पोटं उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. लिहायला शिकेपर्यंत मूल सगळ्या वस्तू एकाच नियमाने ओळखत आलेलं असतं : कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. हा नियम बरोबरच आहे आणि तो त्याने स्वतः कमावलेला आहे. अक्षरं आणि अंक हीच पहिली अशी मंडळी, जी तोंड फिरवलं की दुसरीच कुणी होतात. हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत अशी उलटापालट होत राहिली, तरी काळजीचं कारण नसतं.

खोडरबर मात्र थोडं बाजूला ठेवा. उलटा अंक पुसून पुसून मूल लिहायचंच टाळू लागतं. जमिनीवर खडूने हातभर मोठा ३ काढा आणि त्यावरून त्याला चालायला लावा, कुठून सुरुवात आणि कुठे वळायचं ते तोंडाने म्हणत. हात खांद्यापासून हलवून हवेत काढू द्या. ओल्या मातीत बोटाने काढू द्या. मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला दिलं, त्यामागेही हेच आहे. डोळ्याला दोन दिशा सारख्या वाटल्या, तरी हाताला त्या वेगळ्या कळतात. ३ पक्का होईपर्यंत ६ शेजारी आणूच नका. दोन्ही एकत्र शिकवले की गोंधळ वाढतो.

घ-ध किंवा भ-म यांची गफलत वेगळी असते. तिथे दिशा चुकत नाही, नजर निसटते. ध आणि भ यांना वर गाठ असते आणि शिरोरेषा तिथे तुटते, ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

वयाची आठ वर्षं उलटून गेल्यावरही ही उलटापालट तशीच राहिली, आणि सोबत वाचन फार अडखळत असेल, यमक ओळखता येत नसेल, "कमळमधला पहिला आवाज कोणता" हे सांगता येत नसेल, तर तज्ज्ञांना दाखवून घ्या.

प्रश्न : नात शंभरपर्यंतचे आकडे धडाधड म्हणते. पण "बावन्न लिही" म्हटलं की २५ लिहिते. लक्ष नसतं तिचं, की समजत नाही? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, तिचं लक्ष आहे म्हणूनच असं होतंय. 'बावन्न'मध्ये तिला आधी 'बा' ऐकू येतं, म्हणजे दोन, आणि मग पन्नास. ऐकलं त्या क्रमाने तिने लिहिलं. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. जर्मन मुलांनाही हीच कसरत करावी लागते, कारण त्यांच्या भाषेतही 'दोन-आणि-पन्नास' असंच म्हणतात. त्यातून एकोणपन्नास आलं, की ऐकू येतात पन्नास आणि लिहायचे असतात चाळीस आणि नऊ. मुलं ५९ लिहितात ते याचमुळे.

तिला पाठांतर पुन्हा करायला लावू नका. ते तिचं झालेलं आहे. आगपेटीच्या काड्या घ्या, गूल काढून टाका, दहा-दहांच्या जुड्या बांधा. "बावन्न दे" म्हणा. तिने पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या डावीकडून उजवीकडे मांडल्या, की त्यांच्याखाली अंक लिहू द्या. मोठी संख्या कानाने ऐकून हाताने मांडली की लिहिताना ती उलटत नाही. एकोणपन्नासला पाच जुड्या मांडून त्यांतली एक काडी काढून घ्या. जुडी सोडावीच लागेल आणि चार जुड्या, नऊ काड्या समोर दिसतील.

आकडे म्हणता येणं आणि संख्या कळणं यांत बरंच अंतर असतं. बटणांच्या दोन सारख्या रांगा तिच्यासमोर लावा आणि एक रांग पसरून लांब करा. "कुठे जास्त?" विचारल्यावर पाच-सहा वर्षांची कितीतरी मुलं लांब रांग दाखवतात, स्वतः मोजलेली असली तरी. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे दाखवून दिलं होतं. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल "पसरली फक्त, तेवढीच आहेत" असं स्वतःहून म्हणू लागतं. तुमची नात काय म्हणते ते बघा, पण तिला दुरुस्त करू नका. तिला पुन्हा मोजू दे.

प्रश्न : वजाबाकी आम्ही शिकलो तशी शिकवली की मुलगा म्हणतो, "बाईंनी असं नाही सांगितलं." आमचं ऐकतच नाही.

उत्तर : तुम्ही उसना घेता, तो दशक सुटा करतो. गोष्ट एकच आहे. त्याला म्हणा, "बाईंनी कसं सांगितलं ते मला शिकव." तो शिकवताना जिथे अडेल, तिथेच त्याला मदतीची गरज आहे. बाकी ठिकाणी त्याचं चालू द्या.

प्रश्न : माझी नात घरी अखंड बडबड करते. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही. काही महिने झाले. शिक्षक म्हणतात हट्टी आहे. (एक आजी)

उत्तर : आजी, हा हट्ट नाही. घरी मोकळं बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, असं होतं. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि त्याच्या मुळाशी तीव्र चिंता असते. शाळेचा पहिला महिना पुष्कळ मुलं गप्प असतात, तो सोडून द्यायचा. पण त्यानंतरही महिनाभराहून जास्त हे टिकलं, तर बालमानसतज्ज्ञांना भेटायला हवं. तुमच्याकडे काही महिने झालेत, तेव्हा आता थांबू नका. लवकर मदत मिळाली तर ही मुलं चांगली बोलू लागतात.

पण वर्गात काय होतं, तेही तितकंच महत्त्वाचं आहे. हे पत्र तिच्या शिक्षकांना दाखवलंत तरी चालेल. "बोल की, मुकी आहेस का?" हे कुणीही, कधीही म्हणू नये. बक्षिसाचं आमिषही नको, त्याने ओझंच वाढतं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. हजेरीला ती हात दाखवायची, ते मला पुरे होतं. मी तिला प्रश्न विचारत नसे, तिच्याजवळ बसून नुसती बोलत असे : "तू ढगाला जांभळा रंग दिलास. पावसाआधीचा ढग वाटतोय." उत्तराची वाट बघायची नाही. लघवीला जायचं असेल तर दाखवायला तिच्याजवळ एक रंगीत पट्टी ठेवली होती. न बोलणारी मुलं हेही सांगू शकत नाहीत आणि तासन् तास सोसतात. हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

शाळा सुटल्यावर तिची आई रिकाम्या वर्गात तिच्याशी खेळायला येई. तिथे ती आईशी बोलायची. आधी मी दाराबाहेर थांबे, मग दारात, मग दूरच्या बाकावर वह्या तपासत. आमच्यातलं अंतर हळूहळू कमी झालं. वर्गात पहिला शब्द ती शेजारच्या मैत्रिणीच्या कानात बोलली. मी ऐकलं आणि फळ्यावर लिहीत राहिले. अशा वेळी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी माना वळवून बघितलं, तर मूल पुन्हा आत जातं.

प्रश्न : माझ्या वर्गात दिवसभर तक्रारी चालतात. "बाई, याने ढकललं." "बाई, ही वही उघडत नाहीये." विशेषतः दोन मुलं तर दर थोड्या वेळाने येतात. चहाडी करू नका म्हणून सांगितलं तरी फरक नाही.

उत्तर : ते सांगणं मी टाळते. "चहाडी करू नकोस" ऐकलेलं मूल छोट्या गोष्टी थांबवत नाही. एखादी मोठी गोष्ट सांगायची वेळ येते, तेव्हा मात्र गप्प बसतं.

पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांविषयी विचारलं होतं. १९३२च्या त्यांच्या पुस्तकात ते आहे. लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेला आणि न बदलणारा वाटतो. तेव्हा "ही वही उघडत नाहीये" ही पुष्कळदा तक्रार नसून चौकशी असते : नियम अजून आहे ना? तिथे "हो, वही उघडायची आहे. तू उघडलीस, छान" एवढं पुरतं. कुणाला लागलं असेल, कुणी घाबरलं असेल, तर हातातलं काम टाकून उठायचं. बाकीच्यांना मी विचारते, "मी नुसतं ऐकू, की काही करू?" निम्म्याहून जास्त मुलं म्हणतात, "नुसतं ऐका." ऐकलं की जाऊन बसतात.

त्या दोघांसाठी एक वेगळी वही करा. तक्रार काय, याच्यापेक्षा ती कोणत्या वेळी आली ते लिहा. माझ्याकडे एक मुलगा "हा माझ्याकडे बघतो" म्हणून सारखा यायचा. वहीत बघितलं तर प्रत्येक वेळी प्रकट वाचनाच्या जरा आधी. शेजारचा बघत होता की नाही, देव जाणे. पण आपली पाळी येणार आणि वाचता येणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असायचं. मी त्याला दुसऱ्या मुलाबरोबर जोडीने वाचायला दिलं, आणि त्याचा उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवू लागले. तक्रारी हळूहळू कमी झाल्या. तुमच्या दोघांच्या वेळा लिहून बघा. काही सापडलं तर मला कळवा, नाही सापडलं तरीही कळवा.